खंडेनवमीची रजा

"कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

हे वाक्य धम्मपाल हिवराळे अदालत रोडवरच्या एका वकीलबाईंसमोर बसून बोलला. बाईंनी त्याला विचारलं होतं की तुम्हाला नेमकं कोण काय म्हणालं. तो बराच वेळ आठवत राहिला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याला तोंडावर कुणी काही म्हटलेलं नव्हतं. डबा उघडल्यावर कुणी उठून गेलं नव्हतं. पाण्याचा ग्लास वेगळा नव्हता. सगळे त्याच्याशी चांगलं वागत होते. ज्याच्याशी सगळे चांगलं वागतात त्याची तक्रार कोणत्या कलमात बसवायची, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही लगेच सांगता आलं नाही.

धम्मपाल वाळूजच्या एका कारखान्यात सेटर आहे. मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये जाणारे शाफ्ट तिथं घासून मापावर आणले जातात. यंत्र चालवणारा ऑपरेटर वेगळा. माप हललं, शाफ्ट दोन-तीन मायक्रॉननं जाड यायला लागला, की सेटरला हाक मारतात. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे हे काम डोळ्यांचं नाही. धम्मपालला डायल लावायच्या आधी आवाजावरून कळतं. घासणारं चाक बोथट झालं की यंत्र घसा बसल्यासारखं बोलायला लागतं. तो लांबून चालत येतो, क्षणभर मान तिरकी करून उभा राहतो आणि मग पडद्यावरचा एक आकडा बदलतो. पुढचा शाफ्ट मापात येतो. लाइनवरची पोरं त्याला उस्ताद म्हणत. त्याला ते आवडायचं, पण तसं त्यानं कधी दाखवलं नाही.

त्याचे वडील अप्पाराव पैठणजवळच्या एका गावात पाटबंधारे खात्याचे चौकीदार होते. कालव्याच्या दारावर बसायचं आणि पाण्याची पातळी दिवसातून तीनदा वहीत लिहायची, हे त्यांचं काम. एका वर्षी मोठ्या बागाईतदाराच्या चारीला जास्तीचं पाणी गेलं. साहेबांनी वहीत कमी लिहायला सांगितलं. अप्पारावांनी होतं तेवढंच लिहिलं. त्यांची बदली झाली, घर उठलं, धम्मपालची शाळा बदलली. तरीही म्हातारा मरेपर्यंत एकच सांगत राहिला, की वहीत लिहायचं ते खरं लिहावं, माणसं बदलतात, वही तिथंच राहते. धम्मपालनं हे मनाशी धरून ठेवलं होतं. वही नंतर कुणाच्या कपाटात राहते, हे मात्र बापानं सांगितलं नव्हतं.

कारखान्यात खंडेनवमीला यंत्रपूजा असते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी यंत्रं बंद करतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. ऑपरेटर आपापल्या यंत्राला हळदकुंकू लावतो आणि लाइनचा सुपरवायझर पूर्ण लाइनचा एक नारळ फोडतो. बायकापोरं येतात, पेढे वाटतात, फोटो निघतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी धम्मपालसमोरही कुंकवाची वाटी आली. त्यानं हात जोडले आणि हळूच सांगितलं, की मी बौद्ध आहे, आमच्यात हे करत नाहीत. तेव्हाचे फोरमन म्हातारे होते, चांगले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मग पुढल्या साली त्या दिवशी रजाच टाकत जा. तुलाही बरं, आम्हालाही बरं."

धम्मपालला तो मोठेपणा वाटला. पुढच्या वर्षापासून तो खंडेनवमीला रजा टाकू लागला. सगळे जण रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहितात. सासरा मेला तरी घरगुती काम, गावाकडं उरूस असला तरी घरगुती काम. धम्मपाल आपल्या स्वच्छ, किंचित उजवीकडं कललेल्या अक्षरात लिहायचा, "उद्या यंत्रपूजा आहे. मी बौद्ध आहे, पूजा करत नाही. सबब एक दिवस रजा मिळावी." दर वर्षी तेच. ज्या वर्षी साथीमुळं पूजा चार माणसांतच उरकली आणि निम्मा कारखाना घरीच होता, त्या वर्षीसुद्धा त्यानं अर्ज दिला. त्या दिवशी तो घरी झाडझूड करायचा, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला बायकोला, रूपालीला, घेऊन विद्यापीठामागच्या लेण्यांवर जायचा. असे एकोणीस अर्ज झाले. ते सगळे त्याच्या फाइलीत गेले. ते तिथं कशाची वाट बघत पडले आहेत, याचा विचार करायचं त्याला कारण नव्हतं.

ग्राइंडिंग लाइनला सुपरवायझर नेमायची वेळ सात वर्षांत तीनदा आली. पहिल्यांदा बाहेरून माणूस आला. धम्मपाल मनाशी म्हणाला, डिप्लोमावाला असेल. दुसऱ्यांदा दुसऱ्या लाइनचा एक जण आला. तो मनाशी म्हणाला, माझं इंग्रजी कमी पडत असेल. त्यानं गारखेड्यातल्या एका क्लासला सहा महिने रविवारी जाऊन बघितलं. तिथं कॉलेजातली पोरं त्याला अंकल म्हणायची. तिसऱ्यांदा काकासाहेब झाला.

काकासाहेब त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान, गंगापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला. यंत्राजवळ उभं कसं राहायचं इथपासून धम्मपालनं त्याला शिकवलेलं. नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर तो आधी धम्मपालकडं आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "दादा, मला काय येतं ते तुमालाच म्हायती. तुमी हाय म्हनून मी हो म्हनलो." धम्मपालनं त्याला उठवलं. पेढा खाल्ला. त्या दिवशी पाळी सुटेपर्यंत त्यानं चार यंत्रं लावून दिली. दोन काकासाहेबानं बिघडवलेली होती.

तिसऱ्या वेळी मात्र त्याला मनाशी सांगायला काही सापडलं नाही.

ते हैदरनं पुरवलं. हैदर कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो आणि शहानूरमियाँ दर्ग्याजवळ राहतो. दोघं सोळा वर्षं एकाच मोटारसायकलवर कामाला जातात, एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची. हैदर पूजेच्या दिवशी मागं उभा राहतो, हात मागं बांधून, आणि पेढा मात्र दोनदा घेतो. धम्मपालला तो दर वर्षी चिडवायचा, की तू एका पेढ्यासाठी एक दिवसाची रजा जाळतोस, तुझ्यासारखा येडा मराठवाड्यात नाही. त्या दिवशी दुपारी पाळी सुटल्यावर गोलवाडीच्या फाट्याजवळ गाडी हळू झाली आणि हैदर मागून हसत म्हणाला, "काकासाहेब तो होनाइच था रे. नारळ कोन फोडता?"

धम्मपालनं विचारलं, कसला नारळ.

मग हैदरला कळलं की याला ठाऊक नाही. त्यानं विषय बदलायचा प्रयत्न केला. धम्मपालनं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. हैदरला सांगावं लागलं. महिन्याभरापूर्वी चहाच्या टपरीवर ग्राइंडिंगचे विभागप्रमुख आणि आणखी एक साहेब उभे होते. हैदर बाजूलाच होता. कुणीतरी म्हणालं, की कामात धम्मपाललाच तोड नाही. तर विभागप्रमुख म्हणाले, "त्याला केला असता हो, पण मग लाइनचा नारळ कुणी फोडायचा?" सगळे हसले.

"तू?" धम्मपालनं विचारलं.

"मैं भी हंसा," हैदर म्हणाला. "मेरे को लगा तेरे को मालूम है. सबको मालूम है."

शेजारून कंपन्यांच्या बसगाड्या शहराकडं जात होत्या. धम्मपालनं गाडी सुरू केली.

त्याला राग आला असता तर सोपं होतं. राग येतो, चढतो, उतरतो. त्याला दुसरंच झालं. तो मागं जाऊ लागला. पहिल्या फोरमनच्या खांद्यावरच्या हातापासून त्यानं सगळं पुन्हा मापायला घेतलं. तीन वर्षांपूर्वी गिऱ्हाईक कंपनीचे लोक आले तेव्हा त्याला स्टोअरमध्ये का पाठवलं होतं? काकासाहेबाच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका सगळ्यांना हातात दिली आणि त्याच्या लॉकरवर ठेवली, ते तो जागेवर नव्हता म्हणूनच का? कदाचित म्हणूनच. कदाचित नाही. एक कारण कळलं की जुनी सगळी कारणं सैल होतात. मायक्रॉन ओळखणाऱ्या माणसाला आता एक हसूसुद्धा सरळ मोजता येईना. चहा घेताना तो समोरच्याचं तोंड बघायचा आणि त्याला आपलीच लाज वाटायची, की आपण कसं बघायला लागलो.

रूपाली गारखेड्यातल्या एका शाळेत कारकून आहे. फाइली म्हणजे काय हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. चार दिवस तो जेवताना भाकरी नुसती मोडत बसला तेव्हा तिनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "आन तुमाला नारळ फोडायचा व्हता का?"

नाही, तो म्हणाला.

"मग काय पायजे तुमाला?"

त्यानं विचार केला. नारळ काकासाहेबानं फोडला असता. हैदरनंसुद्धा फोडला असता, दोन पेढ्यांसाठी. एका मिनिटाचं काम. कुणीतरी येऊन एवढंच म्हणायला हवं होतं, की धम्मपाल, तुला सुपरवायझर करतोय, नारळाचं कसं करायचं ते तूच सांग. कुणी विचारलं नाही. त्याच्या वतीनं त्यांनी स्वतःच विचारलं आणि त्याच्या वतीनं स्वतःच नाही म्हटलं.

"मला कुनी इचारलं नाय," तो म्हणाला. "तेवढंच."

रूपालीचा भाऊ येऊन गेला. ॲट्रॉसिटी टाका, तो म्हणाला, सरळ येतील. धम्मपालनं ऐकून घेतलं. मग त्यानं एक पानभर पत्र लिहिलं आणि मनुष्यबळ विभागाच्या खिडकीत देऊन पोच घेतली. पत्रात एकच प्रश्न होता. तीन वेळा सुपरवायझर नेमताना माझं नाव कोणत्या कारणानं मागं ठेवलं, ते लेखी कळवावं.

महिना गेला. त्यानं दुसरं पत्र दिलं. दीड महिना गेला. एक दिवस मनुष्यबळ विभागाचे प्रमुख इंद्रजीत सरांनी त्याला वर बोलावलं, चहा मागवला, आणि अर्धा तास आपल्या आजोबांबद्दल बोलले. आजोबा म्हणे जातपात मानत नसत. मुद्द्याचं काही बोलणं झालं नाही. तिसऱ्या पत्राला मात्र लेखी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की सुपरवायझरच्या जबाबदारीत लाइनच्या सर्व उपक्रमांत पुढाकार घेणं येतं. आपण सातत्यानं एकोणीस वर्षं लेखी कळवलं आहे, की अशा उपक्रमात आपल्याला सहभागी व्हायचं नाही. व्यवस्थापनानं आपल्या श्रद्धेचा नेहमीच आदर केला आहे, आणि आपली अडचण होऊ नये याची काळजी घेतली आहे. सोबत एकोणीस प्रती जोडल्या होत्या.

त्यानं ते कागद घरी जमिनीवर मांडले. एकोणीस कागदांवर त्याचंच अक्षर. पहिल्या अर्जातलं अक्षर पोरगेलं, शेवटच्यातलं थकलेलं, पण वाक्य एकच. खोटं एकही नव्हतं. रूपाली दारात उभी राहून बघत होती. ती हळूच म्हणाली, "एकदा जरी घरगुती काम लिवलं असतं." मग तीच खाली बसली आणि एकेक कागद उचलून क्रमानं लावू लागली. शाळेतली सवय.

तेव्हा तो वकीलबाईंकडं गेला. ॲडव्होकेट आमरीन, वय तिशीच्या आतबाहेर, ऑफिसात दोन खुर्च्या आणि एक कुलर. कामगार न्यायालयातली कामं करतात. त्यांनी कागद वाचले. मेव्हण्यानं सुचवलेल्या कायद्याबद्दल त्यांनी विचारलं आणि त्यावरच तो ते शिवीचं वाक्य बोलला. बाईंनी कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाल्या, की पक्षपात हा कामगार कायद्यात बसतो, प्रयत्न करता येईल, पण कंपनीकडं एकोणीस कागद आहेत आणि तुमच्याकडं एक वाक्य आहे, तेही तुम्ही ऐकलेलं नाही.

"हैदरनं ऐकलंय."

"तो बोलेल?"

"बोलंल."

आमरीनबाईंनी लिहून घेतलं. मग पेन ठेवून म्हणाल्या, "मालकांना वाटतं लोक इथं पैशासाठी येतात. काही येतात. पण बहुतेक जण आधी चार वेळा साहेबाच्या दारात उभे राहून आलेले असतात. त्यांना एक प्रश्न असतो. साहेबानं खाली बसवून खरं उत्तर दिलं असतं, तर निम्मे जण माझ्यापर्यंत पोचलेच नसते. तुम्हाला काय हवंय, हिवराळे? पद हवंय की उत्तर?"

"दोन्ही वेगळं हाय का?" त्यानं विचारलं.

बाई म्हणाल्या, की कोर्टात वेगळं आहे. आधी कंपनीच्या तक्रार समितीपुढं जा, असा त्यांनी सल्ला दिला. तिथं हैदरचं म्हणणं कागदावर आलं की पुढचं बघता येईल. नाही आलं तरी कोर्ट आहेच, पण मग त्याला शपथेवर उभं करावं लागेल.

तक्रार दिल्यावर कारखान्यात काहीच झालं नाही. त्याची पाळी बदलली नाही, काम वाढवलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. सगळे फक्त जपून वागू लागले. तो आला की चाललेला विनोद अर्ध्यात मिटायचा, आणि तिथं क्रिकेटचा विषय निघायचा. उस्ताद ही हाक थांबली. काकासाहेब त्याला दादा म्हणायचा तो हिवराळे साहेब म्हणू लागला. यंत्र बिघडलं की आता तो हाक मारायच्या ऐवजी कागदावर यंत्राचा क्रमांक लिहून पाठवायचा, आणि कागदाच्या शेवटी 'विनंती' असं लिहायचा. एकदा दोघंच होते तेव्हा काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाला, "नारळाचं मला आधी सांगितलं असतं तर मीच फोडला असता की. तुमी नुस्तं हुबं ऱ्हायचं." धम्मपाल म्हणाला, तेच. शेडच्या पत्र्याखाली बारा यंत्रं चालू होती. पूर्वी या आवाजात त्याला निवांत वाटायचं. आता तो आवाज चारी बाजूंनी लावून घेतलेल्या दारासारखा वाटायचा, आणि दार लावणारा माणूस बाहेर उभा राहून आत सगळं ठीक आहे ना, असं विचारत असायचा.

सोडून जायचं म्हटलं तर त्रेचाळीसाव्या वर्षी दुसरीकडं सेटर म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून. आणि जाताना इथं काय लिहून जायचं? स्वेच्छेनं? ती एक विसावी प्रत झाली असती.

हैदर मात्र बदलला नाही. तो रोज गाडीवर बडबड करायचा. समितीपुढं बोलशील का, असं धम्मपालनं विचारलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "हौ. बोलूंगा. सच बात है, उसमें क्या." ते ऐकून धम्मपालला त्या महिन्यात पहिल्यांदा गाडी चालवताना गार वारा लागला. रूपालीला त्यानं घरी सांगितलं. ती म्हणाली, "नौशीन तिथंच लागली ना औंदा?"

नौशीन हैदरची मोठी मुलगी. विज्ञानाची पदवी घेऊन जूनमध्ये त्याच कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून लागली होती. हैदरच्या घरातली पगारावर जाणारी पहिली मुलगी. तिला कायम करायचं की नाही, ते मार्चमध्ये ठरणार होतं. धम्मपाल म्हणाला, तिचा यात काय संबंध. रूपालीनं ताटं उचलली.

समितीची बैठक फेब्रुवारीत, पहिल्या पाळीत, वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत झाली. इंद्रजीत सर, विभागप्रमुख, आणि कामगारांचा म्हणून एक प्रतिनिधी, जो सगळा वेळ आपल्या तळहाताकडं बघत होता. धम्मपालला मधली खुर्ची दिली. काचेतून खाली लाइन दिसत होती. विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच सांगितलं, की धम्मपालबद्दल त्यांना व्यक्तिशः आदर आहे, आणि चहाच्या टपरीवर नेमकं काय बोलणं झालं ते त्यांना आठवत नाही, पण कुणाचं मन दुखावलं असेल तर ते दिलगीर आहेत. ते मनापासून बोलत होते. धम्मपालला तेच सहन होईना.

हैदरला आत बोलावलं. तो सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. इंद्रजीत सरांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"काय म्हणते नौशीन?" त्यांनी विचारलं. "प्रयोगशाळेच्या मॅडम सांगत होत्या, लई हुशार आहे म्हणून."

हैदर म्हणाला, "आपली मेहरबानी सर." मग त्यानं ग्लास उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

सरांनी कागदावरून प्रश्न वाचला. नारळाबद्दल कुणी काही बोललेलं तुम्ही ऐकलं का. आवाजात काही धमकी नव्हती. ते खरोखरच उत्तर लिहून घ्यायला पेन धरून बसले होते. हैदर धम्मपालकडं बघत नव्हता. तो काचेतून खाली, आपल्या उभ्या ठेवलेल्या फोर्कलिफ्टकडं बघत होता.

"टपरीवर लोक कायबी बोलत्यात सर," तो म्हणाला. हैदर धम्मपालशी कधी मराठीत बोलायचा नाही. हे मराठी इथल्यासाठी होतं. "मला बराबर याद नाय. मशिनचा आवाज व्हता."

टपरी गेटबाहेर आहे. तिथं यंत्राचा आवाज येत नाही. हे खोलीतल्या पाचही माणसांना ठाऊक होतं. इंद्रजीत सरांनी ते लिहून घेतलं आणि हैदरला जायला सांगितलं. दारापाशी हैदर थोडा थांबला, मग गेला.

धम्मपालला त्याचा राग आला नाही. तो हैदरच्या जागी आपल्याला बसवून बघत होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून तेच वाक्य निघत होतं.

मग इंद्रजीत सरांनी फाइलीतून एक टाइप केलेला कागद काढला. व्यवस्थापनानं मोठं मन करून एक मार्ग काढला होता. नव्या मुलांना शिकवण्यासाठी मागच्या शेडमध्ये एक प्रशिक्षण विभाग सुरू करत होते. तिथं सुपरवायझरचं पद, पगार सुपरवायझरचा. तिथं लाइन नाही, म्हणजे पूजाही नाही. "तुमच्यासाठीच केल्यासारखं आहे," विभागप्रमुख म्हणाले. फक्त या कागदावर सही करायची. कागदात दोन परिच्छेद होते. पहिल्यात, धार्मिक कारणास्तव मी स्वतःच लाइनवरील जबाबदारी घेऊ इच्छित नव्हतो. दुसऱ्यात, तक्रार गैरसमजातून झाली असून ती मी स्वखुशीनं मागं घेत आहे.

"आणि नाही केली तर?" धम्मपालनं विचारलं.

"नाही केली तर काही नाही," इंद्रजीत सर म्हणाले. "समिती लिहील की पुरावा आढळला नाही. तुमच्यावर काहीही होणार नाही, हिवराळे. तुम्ही आपलेच आहात. कोर्टात जायचं असेल तर तोही तुमचा हक्क आहे. फक्त हैदरभाईंना तिथं शपथेवर उभं राहावं लागेल. तुम्ही जुने दोस्त आहात, म्हणून आधी सांगितलं."

धम्मपालनं कागद ओढून घेतला आणि वाचला. पुन्हा वाचला. सही केली तर मागची शेड, ज्याला खिडक्या वरच्या बाजूला आहेत, आणि वीस वर्षांत आपल्या हातानं लिहिलेलं पहिलं खोटं. सही केली नाही तर खाली काकासाहेबाच्या विनंतीच्या चिठ्ठ्या, रोज, निवृत्तीपर्यंत. कोर्टात गेलं तर हैदर, हात वर करून, एक तर खोटी शपथ घेणार नाही तर मुलीला घरी बसवणार. आणि या तिन्हींत त्याच्या तीन पत्रांचं उत्तर कुठंच नव्हतं. ते या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, थोड्या वेळापूर्वी एक माणूस ते तोंडात धरून इथंच बसला होता, आणि ते कुणी कधीही लिहिणार नव्हतं.

इंद्रजीत सरांनी आपलं पेन पुढं केलं. धम्मपालनं ते घेतलं. सहीच्या रेषेवर त्याचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. खाली लाइनवर सातव्या यंत्राजवळ काकासाहेब हातात शाफ्ट घेऊन उभा होता. तो वर बघत होता.

"विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या," विभागप्रमुख म्हणाले. "घरी मिसेसना विचारा. काय म्हणता?"

कामगारांच्या प्रतिनिधीनंही पहिल्यांदा मान वर केली. पाचवी खुर्ची, हैदर बसला होता ती, रिकामी होती. धम्मपालनं पेनाला टोपण लावलं आणि कागदावर आडवं ठेवलं, सही न केलेल्या रेषेला समांतर, जसं तो हत्यार ठेवतो. तो उठला. खुर्ची आवाज न करता आत सरकवली. मग काचेचं दार ओढून तो बाहेर गेला.